तोंड लावून प्यालेलं पाणी

रूथबाई शिनगारे गेल्याची बातमी मला आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणी दिली नाही. ती घेऊन आला एक लंगडणारा गिरणी कामगार, भर दुपारी, माझगावला गोदीतल्या आमच्या कचेरीत. टोपी हातात धरून टेबलापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्या नर्सबाई गेल्या. सकाळी कुणाचं तरी बाळंतपण उरकून आल्या, दम लागला म्हणून जिन्यात टेकल्या, त्या तिथंच…" मी विचारलं, चर्चमध्ये कळवलंत का? तो म्हणाला, "तुमी चर्चचेच ना? तुमालाच पयलं सांगायचं, असं चाळीत ठरलं." मलाच का, हे त्याने सांगितलं नाही, आणि विचारायचं धैर्य मला झालं नाही.

त्याला आता दीड महिना झाला. मंडळीचा चिटणीस म्हणून पुढच्या रविवारी उपासनेत वाचायच्या चार ओळी मीच लिहून दिल्या होत्या. आमच्या प्रिय भगिनी प्रभूमध्ये निजल्या, त्या शांत, सेवाभावी आणि नम्र होत्या… पाळकसाहेब त्या ओळी वाचत होते आणि मला शिसारी येत होती. दुसऱ्या कुणाची नाही, माझीच. कारण रूथबाई शांत नव्हत्या, नम्र तर मुळीच नव्हत्या. त्या फटकळ होत्या, त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर ऐकू येई, आणि जवळजवळ पाच वर्षं आमच्या मंडळीने त्यांना जे भोगायला लावलं, त्याचं मूळ मी होतो. त्या चार ओळींवर काट मारावी म्हणून हा लेख लिहितो आहे.

रूथबाई नगरकडच्या. आमच्यापैकी बहुतेक तिकडचेच. आमच्या आजे-पणज्यांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत येशूचं नाव घेतलं, पोरं मिशनच्या शाळेत घातली, आणि दोन पिढ्यांत आम्ही कारकून, मास्तर, नर्सा होऊन मुंबईला आलो. रूथबाई परळला प्रसूतिगृहात नोकरीला होत्या आणि लालबागच्या एका चाळीत एकट्या राहत. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत वारला होता, मूलबाळ नव्हतं. चाळीत सगळी कोकणातली गिरणी कामगारांची कुटुंबं, मागच्या चाळीत आमच्याच आजोबांच्या जातीची, जी पुढे बौद्ध झाली. या दोन्ही चाळींतली अर्धी पोरं रूथबाईंच्या हातात जन्मली असतील. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गिरणगाव पेटलं होतं तेव्हा चाळीतले तरुण त्यांची थट्टा करत, "बाई, तुमचा येशू मुंबई कुणाला देणार ते विचारून सांगा की." त्या म्हणायच्या, "आधी तू बायकोला पावशेर दूध दे, ओली बाळंतीण आहे ती. मुंबईचं मागनं बघू." आणि तो तरुण खरोखर दूध घेऊन यायचा.

त्याच सुमारास मी आमच्या मंडळीच्या मासिकात एक लेख लिहिला होता. ख्रिस्ती माणसाने भोवतालच्या समाजावर चांगला प्रभाव कसा पाडावा, हा विषय. पाच पानं होती. स्वच्छ कपडे, निर्व्यसनी वागणं, गोड बोलणं, मुलांना शिक्षण, शेजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना. मीठ जसं अन्नात मिसळतं तसं आपण मिसळावं, असंही एक वाक्य होतं आणि ते मला स्वतःला फार आवडलं होतं. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. रूथबाईंनी लेख वाचला का, म्हणून मी मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो दावीदभाऊ, जुळं होतं." तेव्हा मला त्या उत्तराचा राग आला होता. परवा ते जुनं मासिक मी कपाटातून काढलं. दोन पानांपुढे वाचवेना.

आता प्याल्याबद्दल सांगतो. वाचकांपैकी बहुतेकांना आमच्या चालीरीती माहीत नसतील. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट, बस इतकंच. पण तो घोट सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचा. आमचा प्याला चांदीचा, दोन कानांचा, कुणा मिशनरी बाईने मरताना मंडळीला दिलेला. पाळक प्रत्येकापुढे तो धरतात, माणूस ओठ लावतो, पाळक पांढऱ्या फडक्याने कड पुसतात आणि पुढे जातात. एक प्याला, सगळ्यांची तोंडं. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही, दुरून ओंजळीत पाणी ओतलं, त्या आम्हा लोकांना हा उष्टा प्याला काय वाटत असेल ते बाहेरच्याला समजणार नाही. आमचे मुख्य पंच आबासाहेब मंडळीच्या वर्धापनदिनी दरवर्षी आपल्या आजोबांची गोष्ट सांगत: पहिल्यांदा या प्याल्याला ओठ लावले तेव्हा म्हातारा ढसाढसा रडला होता. दरवर्षी आम्हीही रडायचो.

गोळीबाराच्या त्या दिवसांतला एक शनिवार. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन, म्हणून मी दुपारी चर्चमध्ये प्याला घासायला आलो होतो आणि रूथबाई पांढरी फडकी धुवायला. पाळकसाहेब गावी गेलेले, सकाळी परतायचे होते, त्यांच्या घराला कुलूप. मोठ्या रस्त्यावर दगडफेक चालल्याचं ऐकू येत होतं. मग बंदुकांचे आवाज आले. थोड्या वेळात आमच्या गल्लीत पळणाऱ्या पावलांचा धडधडाट झाला. मी फाटक लावायला निघालो होतो. हो, लावायलाच. पण रूथबाई माझ्या आधी पोचल्या आणि त्यांनी ते सताड उघडलं. सहा-सात जण आत घुसले. अश्रुधुराने डोळे लाल झालेले, आणि एकाला दोघांनी उचलून आणलेलं, त्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं. त्याला ओसरीवर निजवलं. रूथबाईंनी ती धुतलेली फडकी फाडून त्याची मांडी करकचून बांधली. तो पाणी मागत होता. कंपाउंडातला नळ त्या वेळी कोरडा, आत एक माठ होता, पण त्यावरचा पेला आदल्याच आठवड्यात फुटलेला. रूथबाई रक्ताने भरलेले हात तसेच धरून म्हणाल्या, "दावीदभाऊ, प्याला द्या."

मी म्हटलं, हा? त्या म्हणाल्या, दुसरा आहे का?

मी माठातून प्याला भरला. मी स्वतः. माझ्या हातांनी तो ओसरीवर आणून त्यांच्या हातात दिला. तो जखमी माणूस प्याल्याकडे बघायला लागला. चांदी चकचकत होती, मीच तर तासभर घासली होती. त्याने कसाबसा हात पुढे करून ओंजळ केली आणि म्हणाला, "बाई, वरून ओता. आमी… मागल्या चाळीतले हाओत." मरणाच्या दारात पडलेला माणूस, मांडीत गोळी, आणि त्याला काळजी होती भांडं बाटेल याची.

रूथबाई म्हणाल्या, "वरून नाही. तोंड लावून प्यायचं." त्याचं डोकं हातावर उचलून त्यांनी प्याला त्याच्या ओठांना लावला. दुसरा एक जण म्हणाला, बाई, हे देवाचं भांडं दिसतंय. त्या म्हणाल्या, "देवाचंच आहे, म्हणून तर." मग सगळेच त्यातून प्याले. मी पाच वेळा प्याला भरून आणला. खोटं सांगत नाही, त्या अर्ध्या तासात मी सुखी होतो. उभ्या जन्मात मी केलेलं ते एकच ख्रिस्ती काम असावं, आणि तेही मी आठ दिवसांत टाकून दिलं.

ही गोष्ट लपली नाही, कारण रूथबाईंनीच ती सगळ्यांना सांगितली, अगदी हरखून. मंडळीला अभिमान वाटेल अशी त्यांची कल्पना. प्याला कुणी भरून दिला हे सांगायचं त्यांना सुचलंही नसेल. दुसऱ्या दिवशी संचारबंदीमुळे प्रभुभोजन झालंच नाही; त्यापुढच्या रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक बसली. त्या बैठकीत विटाळ हा शब्द एकदाही कुणी उच्चारला नाही. आम्ही सुशिक्षित होतो. आम्ही पावित्र्य म्हणालो, आरोग्य म्हणालो. तंबाखू खाणारी तोंडं, कुणाला कसला रोग, कुणी सांगावं? एक पंच म्हणाले, सरकारी नोकरीत आहेत आपली माणसं, उद्या बोभाटा होईल की ख्रिस्ती लोक दंगलखोरांना आसरा देतात. आणि आबासाहेब, ज्यांचा आजोबा त्या प्याल्यापाशी ढसाढसा रडला होता, ते नाकाला रुमाल लावून म्हणाले, "काही म्हणा, मला तर आता त्याला ओठ लावायचा म्हटलं की मळमळतं."

मला त्या रुमालाची किळस आली. आजही येते. पण किळस येणं सोपं असतं, तेवढ्याने माणूस चांगला ठरत नाही. आबासाहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, चिटणीस, प्याल्याच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? मी म्हटलं, माझ्याकडे. मग कपाट उघडलं कुणी?

त्या वेळी माझ्या थोरल्या मुलीची सोयरीक आबासाहेबांच्या पुतण्याशी जमत आली होती. आठवड्याभरात होकार यायचा होता. हे कारण म्हणून सांगत नाही, काय घडलं तेवढं सांगतो. मी म्हणालो, "कपाटाला मी नेहमी कुलूप लावतो."

वाक्य खरं होतं. शब्द न् शब्द खरा. सगळ्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि दाराजवळ बसलेल्या रूथबाईंकडे पाहिलं. रूथबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागाने नाही. कळा देणाऱ्या बाईकडे सुईण बघते तसं, अजून किती वेळ लागेल याचा अंदाज घेत… मग त्या पंचांना म्हणाल्या, "पाणी मी पाजलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाजीन."

ठराव झाला. चोरून प्याला काढल्याबद्दल आणि त्याचा अवमान केल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त करीपर्यंत रूथबाई शिनगारे यांनी प्रभुभोजनात भाग घेऊ नये. तो ठराव माझ्या अक्षरात आहे. माझ्या वळणदार अक्षराचं मंडळीत कौतुक होतं. प्याला ठाकूरद्वारच्या सोनाराकडे उजळायला गेला, परत आला, तरी आबासाहेबांची मळमळ काही थांबेना. शेवटी आरोग्याच्या नावाखाली बोटभर उंचीच्या काचेच्या पेल्या मागवल्या, प्रत्येकाला वेगळी. त्या एका मोठ्या तबकात मांडून बाकाबाकावरून फिरवायच्या. आमच्या आजोबांनी जे मिळवलं होतं ते आम्ही एका ठरावात घालवलं आणि त्याला सुधारणा म्हटलं.

मुलीचं लग्न झालं, थाटात झालं. रूथबाई लग्नाला आल्या होत्या, अक्षता टाकल्या, जेवल्या, जाताना पोरीच्या गालावरून हात फिरवला. वर्षा-दीड वर्षाने मुलगी अडली. मूल आडवं. आबासाहेबांच्याच घरातून रूथबाईंना बोलावणं गेलं. ज्या हातांनी दिलेला प्याला चालत नव्हता ते हात तिथे बरे चालले! दोघं जगली. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. हात पुसत रूथबाई बाहेर आल्या, आजोबा झालात म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी विचारलं, "दावीदभाऊ, काही बोलायचंय का?" मी म्हणालो, "चहा घेणार ना?"

त्यांनी चहा घेतला. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

अंत्यविधीला आमच्या मंडळीची मोजकी माणसं होती. मात्र दोन्ही चाळी लोटल्या होत्या. शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा तो लंगडणारा माणूस पुढे झाला आणि त्याने खांदा लावला. त्याचं नाव गंगाराम. मांडीला गोळी लागलेला तोच हा, कचेरीत मी त्याला चालीवरून ओळखलं होतं. आता तो बौद्ध झालेला. आबासाहेब पाळकसाहेबांच्या कानात काही पुटपुटले, पाळकसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गंगारामच्या पायामुळे पेटी एका बाजूला झुकत होती. बाकीच्या तिघांनी आपले खांदे त्याच्या बेताने खाली घेतले. कबरीपर्यंत ती तशीच गेली, हळूहळू, लंगडत…

त्यानंतर काही दिवसांनी मी चाळीत गेलो. रूथबाईंच्या शेजारी पार्वतीकाकू राहतात, कणकवलीकडच्या, सहा लेकरांच्या आई, सहाही रूथबाईंच्या हातची. त्यांनी मला बसायला पाट दिला. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. प्याला मी भरून दिला होता, पंचांपुढे मी गप्प बसलो, बाईंवर आळ आला तो माझ्यामुळे. आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने बोललो. सांगताना रडलो, आणि कबूल करतो, रडताना मला थोडं बरंही वाटत होतं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हातही थांबवला नाही.

"तां आमका कधीचां म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "पाणी कोणी भरून आणलां, तां पिणाऱ्याक म्हायत नसतला? गंगारामान तेव्हाच सांगितलेला. पोरां तुमका गाठूक निघालेली. बाई म्हणाली, तेका हात लावलात तर माका तोंड दाखवू नकात. तो आपणहून सांगतलो."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"मग? सांगितल्यात चर्चमधी?"

अजून नाही, मी म्हणालो.

"मग माका कित्याक सांगतास?"

मी जिना उतरलो. म्हणजे या दोन्ही चाळींना माहीत होतं. पाच पानी लेखात मी ज्यांच्यावर प्रभाव पाडायला निघालो होतो, ते सगळे मला इतकी वर्षं ओळखून होते, रस्त्यात भेटले की नमस्कार करत होते, आणि केवळ एका बाईच्या शब्दाखातर गप्प होते. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या मंडळीला. प्रभाव पडला होता, पण तो कुणाचा!

झालं ते सगळं लिहून मी पंचांना पत्र दिलं. आबासाहेब आता थकले आहेत, ऐकू कमी येतं, पण पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मला घरी बोलावून म्हणाले, गेलेल्या माणसाचं आता उकरून काय मिळवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. ठराव आपोआप संपला असं समजू. आणि वर्तमानपत्रात वगैरे लिहायची तुम्हाला खोड आहे, तेवढं करू नका. आत्ता कुठे महाराष्ट्र झालाय, आपल्या लोकांना मान मिळायला लागलाय, लोक हसतील. माझ्या मुलीने चहा आणून ठेवला. ती आत जाईपर्यंत मी थांबलो, आणि म्हणालो की येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी उभा राहून सांगणार आहे. त्यांनी विचारलं, "पोरीचा तरी विचार केलात?" मुलीला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

त्या रविवारी तबक निघण्याच्या आधी मी उभा राहिलो आणि सांगितलं. जेमतेम दोन मिनिटं लागली असतील. दोन मिनिटांचं काम होतं ते. कुणीतरी खोकलं. पेटीवाल्याने घाईने गीताचा सूर धरला आणि सगळे, सुटल्यासारखे, मोठमोठ्याने गाऊ लागले. मी माझी पुढची जागा सोडून मागे गेलो. ठराव झाल्यापासून रूथबाई अगदी शेवटच्या बाकावर बसायच्या. प्रभुभोजनाच्या वेळी उठून जात नसत. तबक त्यांच्यापर्यंत यायचं, त्यातलं काही न घेता त्या ते शेजारच्या बाईकडे द्यायच्या. दर महिन्याला. पुढच्या बाकावर बसून मी कधी मागे वळून पाहिलं नाही.

त्यांच्या जागी बसलो. तबक आलं. मी पेली घेतली नाही, नुसतं तबक हातात घेतलं. ते इतकं जड असेल असं मला वाटलं नव्हतं. पेल्या काठोकाठ भरलेल्या असतात, जरा कललं की डचमळतात, दोन्ही हातांनी धरून, श्वास आवरून, सबंध शरीर वळवून ते शेजारच्याला द्यावं लागतं. रूथबाईंनी ते कधी सांडलं असतं तर बोभाटा झाला असता, म्हणजे कधी सांडलं नसणार. मी वळायला गेलो. दोन पेल्या कलंडल्या, लाल रस तबकाच्या कडेवरून माझ्या बोटांवर आला. शेजारी बसलेल्या बाईंनी तबक घेण्याआधी आपला पदर माझ्यापासून आवरून घेतला.